हात न घालता सुटणारी वाघीण

बंगळूरच्या उत्तरेस येलहंका नावाचे उपनगर आहे. तेथे १९८४ साली सुरू झालेल्या कारखान्यात रेल्वेची चाके आणि आस तयार होतात. मोडीत निघालेले पोलाद विजेच्या भट्टीत वितळवून ग्रॅफाइटच्या साच्यात चढवितात आणि त्यातून अखंड चाक जन्मास येते. परंतु चाके कितीही भक्कम असली, तरी वाघिणी एकमेकींस जोडल्यावाचून मालगाडी होत नाही. ही जोडणी सोडविण्याचे काम किती जोखमीचे असते, हे आपल्या मुलांना घरी बसून समजावून द्यावयाचे असेल, तर लघुप्रमाणातील आगगाडीसारखे साधन नाही.

पुण्यात भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. त्यांना या गाड्यांची मोहिनी ठाऊकच आहे. एच-ओ या बहुप्रचलित प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी असते. दोन रुळांमधील अंतर अवघे १६.५ मिलिमीटर. मधलीच एक वाघीण बाजूच्या रुळावर न्यावयाची झाली, की घरातील छोटे यार्डमास्तर दोन बोटे आत घालतात आणि चार वाघिणी घसरतात! यावरचा उपाय घरातच मिळतो.

प्रथम जोडणी कोणती आहे ते पाहावे. बंद मुठी एकमेकींत अडकाव्यात तशी ती असेल, तर बांबूची बारीक काडी काचकागदावर घासून टोकदार करावी. दोन मुठींच्या फटीत ती वरून अलगद घालून थोडी फिरविली, की मुठी उघडतात. आडव्या दांडीवर आकडे अडकत असतील, तर जुन्या प्लास्टिकच्या कार्डातून सुमारे १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापून काडीच्या टोकाशी चिकटवावी. वाघीण किंचित मागे ढकलून ताण सैल करावा, मग पट्टी आकड्यांखाली सरकवून ते हलकेच उचलावेत. ताण असताना ओढाताण केल्यास आकडा मोडतो. जोडणी तीन कड्यांच्या साखळीची असेल, तर कागदाची क्लिप सरळ करावी, पकडीने तिचे टोक किंचित वाकवावे आणि ती काडीला दोऱ्याने घट्ट बांधावी.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. या गाड्यांचे रूळ विजेचे वाहक असतात. तारेचे टोक दोन्ही रुळांना एकदम टेकल्यास शॉर्टसर्किट होते. म्हणून तारेचे हत्यार वापरताना वीज बंद ठेवावी.

हे सारे पोरखेळ वाटेल. पण खऱ्या रेल्वेने हाच धडा फार महागात घेतला आहे. वाघिणींच्या मध्ये शिरून साखळी सोडविताना कित्येक कामगारांची बोटे गेली, कित्येकांचे प्राण गेले. इंग्लंडमधील शंटिंग कामगार बाहेर उभे राहून लांब दांड्याच्या आकड्याने साखळी सोडवीत. आपली काडी हे त्याचेच लघुरूप. अमेरिकेत इलाय जॅनी याने १८७३ साली मुठीसारख्या जोडणीचे पेटंट घेतले. पुढे १८९३ साली तेथे कायदाच झाला, की वाघिणी धक्क्याने आपोआप जोडल्या जाव्यात आणि सोडविताना माणसाला मध्ये शिरावे लागू नये. आज आपल्या मालगाड्यांनाही मध्यभागी अशीच जोडणी असते, आणि ती बाजूचा दांडा उचलून सोडविता येते. ब्रेकच्या हवेच्या नळ्या मात्र हातांनीच जोडाव्या आणि सोडवाव्या लागतात.

तेव्हा पुढच्या सुटीत ही काडी मुलांकडूनच करवून घ्या. वाघीण न घसरता सुटली, म्हणजे त्यांना आनंद होईलच. मग एखाद्या स्थानकावर गाडी थांबली असता, रुळांशी वाकून काम करणारा माणूस त्यांना अवश्य दाखवा. त्याच्या कामाचे मोल त्यांना आता सांगावे लागणार नाही.