सटवाई येण्याआधी : हिपॅटायटिस बी, यकृत आणि पहिले 24 तास

(जागतिक हिपॅटायटिस दिनी नवेगाव बांध येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्या नावामागे डॉक्टर लागते, पण ते तत्त्वज्ञानातले. तेव्हा सभा संपल्यावर मला कोणी नाडी दाखवू नये. (हशा) मग मी यकृतावर का बोलतो आहे? त्याचे कारण घरातले आहे, तेवढे सांगून विषयाकडे वळतो.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, शाळामास्तर होते. सुपारीचेही व्यसन नाही. एका वर्षी पोट फुगू लागले, पायांवर सूज आली. तपासण्या झाल्या, यकृताचा कर्करोग निघाला. तीन महिन्यांत दादा गेले. मयतीला आलेले लोक मागे उभे राहून काय कुजबुजत होते, ते मी या कानांनी ऐकले: "चोरून पीत असतील." दारू न पिताही यकृत जाते हे त्यांना माहीत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. डॉक्टरांनी सांगितले, हा हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे, तुम्ही सगळी भावंडे तपासून घ्या. धाकट्या बहिणीच्या रक्तात तो सापडला. माझ्या नाही. बहीण आज रोज एक गोळी घेते आणि नातवंडे सांभाळते. दादांना मात्र तो कधी लागला असेल? बहुधा जन्माच्या दिवशी. म्हणजे तो पन्नासाहून अधिक वर्षे आत होता आणि एकदाही बोलला नाही.

हा मुका आजार समजून घ्यायचा असेल तर आधी यकृत म्हणजे काय ते बघू. मटणाच्या दुकानात आपण कलेजी म्हणतो, तेच. उजव्या बाजूच्या फासळ्यांखाली असते, मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो. ते पित्त तयार करते, साखर साठवते आणि लागेल तशी सोडते, रक्त गोठायला लागणारे घटक बनवते, औषधे आणि दारू यांचा निचरा करते. कापून थोडे काढले तरी पुन्हा वाढते, इतके ते चिवट. पण या चिवटपणातच धोका आहे. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. वरच्या आवरणाला ताण बसला तरच दुखते. त्यामुळे बराचसा भाग निकामी होईपर्यंत उरलेला भाग मुकाट्याने काम ओढत राहतो. घरात एखादी बाई असते ना, सगळ्यांचे करते आणि तक्रार करत नाही. ती आडवी पडली की मग घराला कळते. तसे.

आता कावीळ. आपल्याकडे कावीळ हेच रोगाचे नाव समजतात. कावीळ हे लक्षण आहे, त्यामागची कारणे अनेक. हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्यातून, अन्नातून येतात. त्यांची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि मागे राहत नाही. बी आणि सी हे रक्तातून पसरतात. बी हा शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने, डास चावल्याने बी होत नाही.

आता आपल्या माळेकडे येऊ. कावीळ झाली की माळ घालणारा माणूस प्रत्येक तालुक्यात आहे. एका झुडपाच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफतात, ती माळ डोक्यावर घालतात, आणि ती हळूहळू लांब होत छातीपर्यंत येते. माळ उतरली, कावीळ उतरली! माळ का वाढते? काड्या वाळतात, बारीक होतात, सैल गाठी सुटतात आणि दोरा मोकळा होतो. तीच माळ खुंटीला टांगा, तिथेही वाढेल. खुंटीला कावीळ झालेली नसते. (हशा) पण माणूस बरा होतो हे खरे आहे. तो आपोआपच बरा होणार होता. आमच्या न्यायशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. आपण सोप्या भाषेत म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

माळेवाल्याला हसून भागणार नाही, कारण याच घोटाळ्यात आपण हिपॅटायटिस बीलाही ओळखत नाही. कसे ते बघा. मोठ्या माणसाला बीची लागण झाली की त्याचे शरीर परक्याला ओळखते आणि विषाणू शिरलेल्या यकृताच्या पेशींवर तुटून पडते. या लढाईची धूळ म्हणजे कावीळ. शंभरातले सुमारे 95 प्रौढ ही लढाई जिंकतात आणि विषाणू हुसकून लावतात. आता एक दिवसाच्या बाळाला तीच लागण झाली असे समजा. त्याच्या शरीराला आपले-परके अजून नीट कळत नाही. ते पाहुण्याला घरचाच समजते. लढाई नाही, म्हणून ताप नाही, कावीळ नाही. बाळ हसते, दूध पिते. आणि अशा शंभर बाळांपैकी सुमारे 90 बाळांत तो विषाणू जन्मभर मुक्काम करतो. (नवजात बाळ दोन-तीन दिवसांनी पिवळे दिसते, ती गोष्ट वेगळी. तीही डॉक्टरांना दाखवावीच.)

म्हणजे जिथे रोग डोळ्यांना दिसतो तिथे बहुधा सुटका होते, आणि जिथे काहीच दिसत नाही तिथे पुढे यकृत आकसण्याची, म्हणजे सिरॉसिसची, किंवा कर्करोगाची भीती असते. आपली सगळी धावपळ मात्र दिसणाऱ्या काविळीसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 साली जगात 25 कोटी 40 लाख लोक हा विषाणू अंगात घेऊन जगत होते, त्यातले जवळजवळ 3 कोटी भारतात. यातल्या बहुतेकांना आपल्याला काही आहे याचा पत्ताच नाही.

याला उपाय काय? जन्मल्यापासून 24 तासांच्या आत बाळाच्या मांडीत एक सुई. याला बर्थ डोस म्हणतात. त्यानंतर 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस. त्या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब आणि हिपॅटायटिस बी अशा पाचांची सोय असते. सरकारी दवाखान्यात हे सगळे फुकट आहे.

आता आजीबाई म्हणतात, "एवढ्याशा जिवाला सुई कशाला? पाचवी तर होऊ द्या." मला आजीबाईंचा आदर आहे. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर भविष्य लिहिते, पाटी-लेखणी ठेवा, दिवा विझू देऊ नका, हे आपण सगळे ऐकत वाढलो. पण आईच्या रक्तात हा विषाणू असेल, तर तो बाळंतपणातच बाळाकडे जातो. सटवाई यायच्या पाच दिवस आधी तो लिहून मोकळा होतो. त्याचे लिखाण पक्के व्हायच्या आत लस पोहोचली पाहिजे. म्हणून 24 तास. आई तपासणीत बाधित आहे असे आधीच कळले असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन नावाचे आणखी एक इंजेक्शन देतात, त्याने संरक्षण वाढते. यासाठी प्रत्येक गरोदर बाईची एचबीएसएजी ही रक्ततपासणी झाली पाहिजे. आणि एक सांगतो, आई बाधित निघाली तर तिला बोल लावू नका. माझ्या आईला हे कधी कळलेही नाही. तिने काही दिले नाही. विषाणू तिच्या वाटेने आला, इतकेच.

ही लस आली कुठून? 1965 साली बारूक ब्लमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलेल्या वेगळ्या प्रथिनाविषयी लिहिले. त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' नाव पडले. जुने डॉक्टर अजूनही हेच नाव घेतात. ते या विषाणूचे बाहेरचे आवरण निघाले. ब्लमबर्गना 1976 साली नोबेल मिळाले. त्यांचा जन्मदिवस 28 जुलै, म्हणून आजचा हा दिवस. आजची लस म्हणजे यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलेले तेवढे आवरण. त्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लशीने हिपॅटायटिस होत नाही. भारतात 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने अशी लस बनवली आणि महागडी आयात लस सामान्यांच्या आवाक्यात आली. सरकारी कार्यक्रमात ती 2002-03 साली निवडक ठिकाणी, 2007-08 मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि 2011 पासून देशभर आली. याचा अर्थ काय? या मंडपातल्या बहुतेक मोठ्या माणसांना बालपणी ही लस मिळालेली नाही.

आता माझ्या विषयातली एकच गोष्ट सांगतो. वैशेषिक दर्शनाच्या परंपरेत 'अभाव' हा एक पदार्थ मानला आहे. नसणे हीसुद्धा जगातली एक खरी गोष्ट. त्याचे चार प्रकार, त्यातले दोन आज कामाचे. घडा बनण्याआधी तो नसतो, तो प्रागभाव. घडा फुटल्यावर नसतो, तो प्रध्वंसाभाव. औषध रोगाचा प्रध्वंस करू पाहते. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत ते पुरते साधत नाही. आजच्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, यकृत वाचवतात, पण पेशींच्या आत त्याचे बीज बहुधा राहतेच. लस मात्र प्रागभाव राखते, रोगाला घडूच देत नाही. प्रागभावाचे लक्षण शास्त्रात दिले आहे: त्याला सुरुवात नसते, पण शेवट असतो. म्हणजे निरोगीपण जन्मजात मिळते आणि एका दिवसात संपू शकते. त्याला राखण लागते.

अडचण एवढीच की राखलेले दिसत नाही. माळेवाल्याकडे बरा झालेला माणूस दाखवायला असतो. आपल्या आशाताईंकडे दाखवायला काय आहे? न झालेला कर्करोग! तो कसा दाखवणार? एका बाळात नाहीच दिसत, पण लाखो बाळांत दिसतो. तैवानने 1984 साली बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. पुढे दहा-बारा वर्षांतच तिथल्या 6 ते 14 वर्षांच्या मुलांतले यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. एक कर्करोग लशीने टळतो, हे जगाला दिसले.

आणि तुम्हाला तर तैवानला जायचीही गरज नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा आपला तलाव बांधला असे मानतात. पीक आले की आपण धानाची रास बघतो, पाळीकडे कोण बघतो? पाळ फुटली तरच तिची आठवण येते. लस ही पाळ आहे.

आता मोठ्यांनी काय करायचे? एकदा एचबीएसएजी तपासणी करा. घरात कोणी बाधित असेल, यकृताचा आजार असेल, तर नक्कीच. तपासणीत काही नाही निघाले तर लस घ्या: आज एक, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. सिकलसेलसारख्या आजारात ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांनी तर घ्याच. तपासणीत निघालेच तर घाबरू नका. प्रत्येकाला लगेच गोळ्या लागत नाहीत, पण नियमित तपासणी प्रत्येकाला लागते. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि टेनोफोविरसारखी औषधे मोफत आहेत. अमिताभ बच्चन यांना 1982 च्या अपघातानंतर सुमारे 200 दात्यांचे रक्त द्यावे लागले, त्यातून हा विषाणू आला आणि अनेक वर्षांनी कळला तोवर यकृताचा पाऊण भाग गेला होता, असे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. तरी माणूस काम करतो आहे. दाढीचे पाते, नेलकटर, सुई कोणाची वापरू नका, न्हाव्याला नवे पाते लावायला सांगा, गोंदवताना सुई नवी आहे ना ते बघा. आणि मोहाची! यकृतात विषाणू असेल तर दारूचा प्रत्येक घोट म्हणजे आगीत तेल.

प्रश्न : बाळंतपण घरीच झाले तर?

आशाताईंना त्याच वेळी फोन करा, बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. वेळ चुकलीच तर सगळे संपले समजून बसू नका. डॉक्टरांना विचारा, आणि दीड महिन्याची पेंटाव्हॅलंट चुकवू नका.

प्रश्न : बाधित आईने अंगावर पाजावे का?

पाजावे. बाळाला वेळेत लस दिली असेल तर आईचे दूध सुरक्षित आहे.

प्रश्न : सर, मग माळ घालूच नये का?

घाला, माळेशी माझे भांडण नाही. पण रक्ताची तपासणी आधी करा. रोगी गुंगीत जातो आहे, उलटीत रक्त आहे, किंवा बाई गरोदर आहे, तर माळ शोधू नका, गाडी शोधा.

शेवटचे सांगतो. दादांसाठी ती सुई नव्हतीच, त्या काळी तिचा शोधही लागला नव्हता. त्यामुळे मला कोणाला दोष देता येत नाही. तुमच्या नातवंडाच्या वेळी ती दवाखान्यातल्या शीतपेटीत, तुमच्यापासून दहा पावलांवर असेल. तेव्हा पेढे वाटायच्या आधी नर्सबाईंना एवढेच विचारा: "बाई, काविळीची पहिली सुई दिली का?" एवढे विचारले तरी माझे आजचे बोलणे कामी आले.