अंजूरच्या पोटातला ‘जे’

भिवंडी तालुक्यातल्या अंजूरचं नाव रोमन लिपीत लिहिलं की पाच अक्षरं होतात: ए, एन, जे, यू, आर. ही पाचही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कोणते? क्रम कसाही चालेल, मधे आणखी अक्षरं घुसली तरी हरकत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसणारे बहुतेक जण ‘ए’पासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. ‘ए’ असलेले शब्द ढिगानं सापडतात. त्यातून निवडणार काय?

आधी धरायचा तो ‘जे’.

इंग्रजीत अगदी कमी येणाऱ्या अक्षरांत तो मोडतो. अमेरिकेतल्या मंदीत बेकार झालेल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुरचनाकारानं वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजून काढलं आणि त्या हिशेबावर एक खेळ रचला. १९४८ मध्ये त्याला स्क्रॅबल हे नाव मिळालं. त्याच्या १०० सोंगट्यांत ‘ए’ ९ आहेत, ‘एन’ आणि ‘आर’ ६-६, ‘यू’ ४. ‘जे’ मात्र एकुलता एक, म्हणून त्याचे गुण ८.

तर ‘जे’ धरला, त्याच्या जोडीला ‘यू’ घेतला, की गर्दी ओसरते. ज्यूस, जंप, जज यांत ‘आर’ नाही, ते गेले. इंज्युरी पार उंबऱ्यापर्यंत येतो, पण त्यात ‘ए’ नाही. आत शिरतात ते जर्नल, जॅन्युअरी आणि, अंजूरकरांनी राग मानू नये, मारिजुआना. जर्नलला शेपूट जोडलं की जर्नलिझम आणि जर्नलिस्ट फुकटात पदरात पडतात.

जॅन्युअरी हे विशेषनाम, म्हणून स्क्रॅबलमध्ये चालत नाही. जर्नल मात्र नेमका सात अक्षरी, म्हणजे हातातल्या सगळ्या सोंगट्या एकदम संपवणारा. पहिल्याच खेळीत त्याचा ‘जे’ दुप्पट गुणांच्या घरात बसवला तर १६, उरलेल्या सहा अक्षरांचे ६, मधल्या ताऱ्यामुळे या २२ चे ४४, वर सातही सोंगट्या लावल्याचे ५०. एकूण ९४!

संगणकाला ‘जे’चं कौतुक करत बसण्याची गरज नाही. प्रत्येक शब्दापुढे २६ खटके मांडायचे, शब्दात जी अक्षरं असतील तेवढेच चालू ठेवायचे, आणि अंजूरचे पाचही खटके जिथे चालू असतील ते शब्द उचलायचे. यात एक खोट आहे: खटक्याला मोजता येत नाही. अटीत दोन ‘ए’ मागितले तर जर्नल गळायला हवा आणि जॅन्युअरी टिकायला हवा, पण खटक्यांच्या लेखी दोघं सारखेच. तिथे अक्षरं मोजावीच लागतात.

अधिक-उणं काही नको, तीच अक्षरं हवीत, अशी अट असेल तर युक्ती आणखी सोपी. शब्दातली अक्षरं वर्णक्रमानं लावायची. इंग्रजी कोशात जाऊन बसलेली आपली रोटी, दंगलीचा रायट आणि तिघांचा ट्रायो, तिघांचीही मांडणी आय-ओ-आर-टी अशीच होते. सगळा कोश एकदा असा लावून ठेवला की भावंडं आपोआप शेजारी येतात. अंजूर ज्या जिल्ह्यात आहे त्या ठाण्याच्या रोमन अक्षरांत एक ‘एम’ घाला, राष्ट्रगीताचा अँथम तयार होतो.

मराठी शब्दकोड्यात हा खेळ वेगळा होतो. तिथलं घर काना-मात्रेसकट अख्ख्या अक्षराचं. अं, जू, र अशी तीनच घरं. ती तिन्ही सामावणारा शब्द शोधायचा तर चटकन आठवतं ते आडनावच: चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत पुढाकार घेणारे गंगाजी नाईक अंजूरकर.

या शोधाला अर्थ ठाऊक असण्याचीही फारशी गरज लागत नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलू शकत नव्हता. २०१५ मध्ये काही आठवडे फ्रेंच शब्दयादी पाठ करून तो फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. २०२४ मध्ये त्यानं स्पॅनिश अजिंक्यपदही जिंकलं, आणि स्पॅनिशही त्याला बोलता येत नाही.