द्राक्षमळ्याचा न्याय

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला (बोधार्थ सांगितलेली दृष्टांतकथा) वाचून, पहाटेपासून राबलेल्यास आणि सूर्यास्तापूर्वी केवळ तासभर राबलेल्यास सारखाच दिनार (त्या काळचा मजुराचा एका दिवसाचा रोज) देणारा धनी अन्यायी आहे, असा समज पुष्कळांचा होतो.

वस्तुतः येथे न्याय म्हणजे ठरलेल्या कराराची पूर्ण फेड, आणि कृपा (योग्यतेचा हिशेब न मांडता केलेले दान) म्हणजे त्या फेडीत काटछाट न करता घातलेली भर होय.

उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथील एखाद्या नाक्यावर दुपार उलटेपर्यंत कामाची वाट पाहत उभ्या राहिलेल्या बिगाऱ्याचे उदाहरण घ्यावे. मुकादमाने सकाळच्या मजुरांचा रोज पुरता चुकता केला आणि याच्याही घरी चूल पेटावी म्हणून पदरचे घालून त्याला तेवढेच दिले, तर हजेरीपटावरील कोणाचा हक्क बुडाला?

दाखल्यातील उशिराचे मजूरही, आपणांस कोणी कामावर लावलेच नाही, असे सांगतात. प्रथम आलेल्यांची तक्रार आपणांस कमी मिळाल्याची नसून दुसऱ्यास आपल्याइतकेच मिळाल्याची आहे. ती तुलना गळून पडली, की न्याय आणि औदार्य एकाच हातून येतात, हे ध्यानी येते.