हैदराबादची गादी आणि वारशाचा हक्क

सेनगाव तालुक्यातील गोरेगाव आणि त्याच्या आसपासचा सारा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. तरीही त्या गादीवर कोण आणि कोणत्या अधिकाराने बसत असे, याविषयी आपल्याकडे अद्याप पुष्कळ भ्रम आहेत.

पहिला भ्रम असा की, बापाच्या पश्चात थोरल्या मुलाने गादीवर बसावे असा तेथे कायदा होता. वास्तविक पहिला निजाम आसफजाह १७४८ मध्ये निवर्तला तेव्हा थोरला पुत्र गाझीउद्दीन दिल्लीत होता. दख्खनचा कारभार धाकट्या नासिरजंगाने बळकावला, त्याच्याविरुद्ध आसफजाहाचा दौहित्र मुजफ्फरजंग उभा राहिला, आणि ते दोघेही पावणेतीन वर्षांच्या आत मारले गेले. पुढे सलाबतजंग आला. त्यालाही १७६२ मध्ये त्याचाच भाऊ निजाम अली याने पदच्युत केले. निजामांची प्रचलित गणती या तिघांना वगळून निजाम अलीस दुसरा मानते, म्हणूनच उस्मान अली खान सातवे ठरतात.

याचे मूळ पाहू जाता निजाम हा आरंभी दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार होता, आणि सुभेदारी ही वडिलोपार्जित मिळकत नसून फर्मानाने लाभणारी नेमणूक असते, हे ध्यानी घ्यावे लागते. हैदराबादची नाणी १८५७ च्या उठावापर्यंत बादशहाच्याच नावाने पाडली जात.

दुसरा भ्रम असा की, गादीचा वारसा शरियतीच्या वाटणीप्रमाणे ठरे. तसे असते तर बाप हयात असता नातवाला काहीच मिळते ना. पण उस्मान अलींनी थोरले पुत्र आझमजाह यांना डावलून नातू मुकर्रमजाह यांना वारस नेमले, आणि २४ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांचे देहावसान झाल्यावर भारत सरकारने त्याच नातवास मान्यता दिली. आझमजाह त्या वेळी जिवंत होते, १९७० मध्ये ते वारले. म्हणजे जन्माहून मान्यता प्रबळ होती, आणि माझ्या मते या घराण्याचे सारे कोडे येथेच उलगडते.

हाच न्याय खाली खेड्यापाड्यांतही चाले, ही गोष्ट आपल्या गावांना अधिक जवळची आहे. जहागीरदार मेला म्हणजे जहागीर आपोआप मुलाच्या नावे चढली, अशी समजूत चुकीची आहे. ती तत्त्वतः सरकारात जमा धरली जाई. इनाम-जहागिरींचे काम पाहणाऱ्या अतियात खात्याकडून वारसांची चौकशी होई, विरासत म्हणजे वारसा मंजूर होई, आणि मुंतखबात, म्हणजे त्या मंजुरीच्या सरकारी कागदात, नाव चढल्यावरच नवा धनी खरा. जुन्या इनामी जमिनींच्या दाव्यांत मुंतखबाचा जीर्ण उर्दू कागद अजूनही कोर्टापुढे ठेवला जातो, तो याच कारणास्तव. जहागिऱ्या १९४९ मध्ये संपुष्टात आल्या.

राहता राहिले 'आठवे निजाम' हे संबोधन. मुकर्रमजाहांना १९६७ साली मिळालेली मान्यता त्या वेळी सर्वस्वी कायदेशीर होती; परंतु १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे दोन्ही रद्द केले, तेव्हा त्या पदाचा कायदेशीर आधारच गेला. १४ जानेवारी २०२३ रोजी ते इस्तंबूलमध्ये निवर्तले. त्यांच्यामागे जो काही मानमरातब उरला असेल तो घराण्याचा आहे, राज्याचा नव्हे.