चितिव्यवहार आणि भिंतीचा हिशेब

भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें पूर्ण झाला. त्याचा पहिला भाग जी ‘लीलावती’, तींत खात, चिति, क्रकच व राशि असे चार व्यवहार एकामागून एक येतात. खात म्हणजे खणलेला खड्डा, चिति म्हणजे विटांची रचना, क्रकच म्हणजे करवत व राशि म्हणजे धान्याचा ढीग. पहिल्या तिहींचा क्रम पाहिला असतां घर बांधणाराचा हिशेबच पुढें उभा राहतो : पाया किती खणावा, विटा किती आणाव्या, लांकूड किती कापावें. जुन्या वास्तूंच्या अभ्यासास यांपैकीं चितिव्यवहाराचा उपयोग कसा होतो, व तो करतांना कोणती सावधगिरी बाळगिली पाहिजे, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नियम असा : चितीच्या तळाचें क्षेत्रफळ उंचीनें गुणिलें म्हणजे घनफळ येतें, त्यास एका विटेच्या घनफळानें भागिलें म्हणजे विटांची संख्या निघते, आणि चितीच्या उंचीस विटेच्या उंचीनें भागिलें म्हणजे थर कळतात. ग्रंथांतील उदाहरणांत वीट १८ अंगुळें लांब, १२ अंगुळें रुंद व ३ अंगुळें उंच असून चिति ८ हात लांब, ५ हात रुंद व ३ हात उंच आहे. हात २४ अंगुळांचा. म्हणून चितीचें घनफळ १२० घनहस्त, विटेचें ३/६४ घनहस्त. आणि उत्तर २,५६० विटा व २४ थर.

या उत्तरांत सांध्यास जागा नाहीं. कोरड्या विटांची थप्पी असेल तर तें तंतोतंत बरोबर आहे. ‘चि’ धातूचा अर्थही गोळा करणें, रचणें असाच आहे. परंतु भिंत म्हणजे थप्पी नव्हे. समजा, तीच चिति चुन्यांत बांधिली व सांधे अर्ध्या अंगुळाचे ठेविले. मग एका विटेस सांध्यासह १८½ × १२½ × ३½ अंगुळें जागा लागेल, आणि तेवढ्याच घनफळांत सुमारें २,०५० विटा बसतील. थर साडेवीसांच्या आसपास येतील. म्हणजे विटांचा पांचवा हिस्सा कमी झाला, आणि १२० पैकीं जवळजवळ २४ घनहस्त जागा चुन्यानें व्यापिली. डोळ्यांस बारीक दिसणारा सांधा हिशेबांत एवढा मोठा होतो.

हल्लींचा अंदाजपत्रककार हेंच निराळ्या मापांनीं करतो. १९ × ९ × ९ सेंटिमीटरांची प्रमाणित वीट तो सांध्यासह २० × १० × १० अशी धरितो. म्हणून एका घनमीटरास ५०० विटा पडतात. सांधा सोडिला तर हाच आंकडा ६५० च्या घरांत जाईल.

दुसरी सावधगिरी कोपऱ्यांची. बाहेरून २० हात लांब, १५ हात रुंद व २ हात जाड भिंतींची खोली घेतली, तर चारी भिंतींच्या बाहेरच्या लांबीची बेरीज ७० हात होते. परंतु तींत प्रत्येक कोपरा दोनदां मोजिला जातो. खरी लांबी ६२ हातच. शिवाय दारें, खिडक्या व कोनाडे वजा केले पाहिजेत, आणि भिंतीच्या पोटांत विटाच आहेत कीं दगडमातीची भर आहे, हेंही पाहिलें पाहिजे.

आतां इतिहासास याचा लाभ काय? पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया इ. स. १७३० त घातला व १७३२ त वास्तुशांति झाली. खर्च १६,११० रुपये झाला असें प्रसिद्ध आहे. पण अशा रकमेवरून काम किती झालें हें उमगत नाहीं, कारण रुपयाची किंमत काळाबरोबर पालटते. भिंतींत मावणाऱ्या विटांची संख्या पालटत नाहीं. ती निघाली म्हणजे कोणत्याही वाड्याच्या जमाखर्चांतील विटांच्या व चुन्याच्या बाबी पडताळतां येतात. कागदांतील विटा भिंतींत मावत नसतील, तर दुसरें एखादें काम त्याच खात्यांत घातलें असावें, किंवा मूळची भिंत पुढें पालटली असावी, असा शोध घेण्यास वाट मिळते.

मात्र हें सर्व भिंत उभी आहे तोंवरच शक्य आहे. गांवोगांवचे जुने वाडे आज पाडले जात आहेत. छायाचित्र निघतें, कोरीव चौकट कोणी जपून ठेवितो. भिंतीचें माप क्वचितच घेतलें जातें. पडलेल्या ढिगांतून वीट हातीं लागते, तिची लांबी-रुंदी मिळते. सांधा मिळत नाहीं. आणि हिशेबाचा पांचवा हिस्सा सांध्यावर अवलंबून असूं शकतो, हें वर दाखविलेंच आहे.

यासाठीं वाचकांस आमची विनंति आहे कीं, जुनी भिंत पाहतांना चार मापें टिपून ठेवावीं : सुट्या विटेचीं तिन्ही परिमाणें, भिंतीची जाडी, उभ्या सांध्याची रुंदी, आणि लागोपाठच्या दहा थरांची सांध्यांसह एकत्र उंची. या शेवटल्या मापास दहांनीं भागिलें म्हणजे एका थराची सरासरी उंची नेमकी निघते; एकेक सांधा मोजण्यांत होणारी चूक तींत मुरून जाते. या कामास एक दोरी व अर्धा तास पुरे. भिंत गेल्यावर मात्र कितीही विद्वत्ता खर्चिली तरी हें माप परत मिळणें नाहीं.