सोलापूरच्या विद्यार्थ्यांनो, हा नियम तुमचाही आहे!

पुणे विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक आर. राज राव यांनी समलिंगी साहित्याचा अभ्यासक्रम शिकवला आणि ‘क्विअर स्टडीज सर्कल’ सुरू केलं. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होतं, म्हणून हे धाडस मला फार मोठं वाटतं. पुढे २०११मध्ये आयआयटी मुंबईत एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांचा ‘साथी’ गट आला, नंतर टाटा समाजविज्ञान संस्थेत सर्व लिंगओळखींसाठी वसतिगृह.

आणि आपलं सोलापूर? यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६पासून तृतीयपंथी ओळख किंवा लैंगिक कलावरून छळणं, वाळीत टाकणं हेही रॅगिंगच. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठालाही तो नियम लागू आहे. कुणी मित्रमैत्रीण त्रासात असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा हा क्रमांक द्या: १८००-१८०-५५२२.