नुसता रेझ्युमे पाठवू नका! नोकरीसाठी कव्हर लेटर कसं लिहायचं?

बी.कॉम. झालेली मुलगी, घरातली पहिली पदवीधर. रात्री अकरा वाजता मोबाईलवर नोकरीची जाहिरात दिसते. ती रेझ्युमे जोडते आणि मेल पाठवून देते. विषयाची जागा रिकामी, मेलमध्ये एक ओळही नाही. महिन्याभरानं अम्मी विचारते, "बेटा, काही जवाब आला का?" जवाब आलेला नसतो.

आपल्या घरांमध्ये नोकरी बऱ्याचदा ओळखीनं लागत आली आहे. मामूंनी सांगितलं, शेजारच्या भाईंनी शब्द टाकला, काम झालं. पण आता आपली मुलं-मुली ज्या ऑफिसांत अर्ज करतात, तिथे आपलं कुणी नसतं. अशा ठिकाणी ओळख करून देण्याचं काम एक पान करतं. त्यालाच कव्हर लेटर म्हणतात.

कव्हर लेटर म्हणजे नेमकं काय?

तुम्ही काय शिकलात, कुठे काम केलं, हे रेझ्युमे सांगतो. याच कामासाठी तुम्हीच का, हे कव्हर लेटर सांगतं. सरकारी भरतीत ठरलेला ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तिथे याची गरज सहसा पडत नाही. पण खासगी कंपन्या, शाळा, हॉस्पिटल, सामाजिक संस्था इथे अर्ज करताना ते उपयोगी पडतं. वेगळी फाईल मागितली नसेल, तर मेलमध्येच लिहिलं तरी चालतं. लांबी एका पानापेक्षा जास्त नको.

आधी जाहिरात दोनदा वाचा

समजा, भिवंडीतल्या एका गोदामाला अकाउंट्स असिस्टंट हवा आहे. जाहिरातीत तीन गोष्टी मागितल्या आहेत: टॅली, जीएसटीची माहिती आणि एक्सेल. आता या तिन्हींसमोर स्वतःचं काय आहे ते कागदावर लिहून काढा.

इथेच आपली मुलं चुकतात. वर सांगितलेली मुलगी स्वतःला 'फ्रेशर' म्हणवते. प्रत्यक्षात ती दोन वर्षं चाचांच्या पॉवरलूम कारखान्याची बिलं टॅलीत भरते आहे, खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी जुळवून पाहते आहे. पण पगार मिळाला नाही, घरचंच काम होतं, म्हणून ते रेझ्युमेत कुठेच नाही! दुकानाचा हिशेब, मोहल्ल्यातल्या मुलांची शिकवणी, मेडिकल कॅम्पमधली नोंदणी हा सगळा अनुभवच आहे. मात्र जे केलं तेच लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

चार छोटे परिच्छेद पुरेत

पहिल्यात कोणत्या पदासाठी आणि कुठे जाहिरात पाहून अर्ज करताय ते. दुसऱ्यात तुमचं सगळ्यात जुळणारं काम. तिसऱ्यात ही जागा का हवी. चौथ्यात आभार आणि कधी भेटू शकता ते. नमुना असा:

"आदरणीय महोदय/महोदया,
आपल्या वेबसाइटवरील अकाउंट्स असिस्टंट पदाच्या जाहिरातीसाठी मी अर्ज करत आहे. मी बी.कॉम. पूर्ण केले आहे.
गेली दोन वर्षे मी आमच्या कुटुंबाच्या पॉवरलूम कारखान्याची विक्री व खरेदीची बिले टॅलीमध्ये नोंदवते. दर महिन्याला खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी जुळवून, फरक असलेल्या बिलांची यादी एक्सेलमध्ये तयार करून आमच्या सीएंना देते.
आपल्याकडे रोज मालाची मोठी आवक-जावक असते. बिलांच्या अचूक नोंदींचे काम मी करत आले आहे आणि ते मोठ्या ठिकाणी शिकण्याची माझी इच्छा आहे.
रेझ्युमे सोबत जोडला आहे. कोणत्याही कामाच्या दिवशी भेटीसाठी येऊ शकते. धन्यवाद."

जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्रही इंग्रजीत लिहा, पण छोट्या, सोप्या वाक्यांत. यात 'मेहनती आहे, प्रामाणिक आहे' असं कुठेच म्हटलेलं नाही. तिचं कामच ते सांगतं.

मध्ये खंड पडला असेल तर?

अब्बांचं आजारपण, लग्न, लहान मूल. अनेक मुलींचं काम यामुळे थांबतं. लपवू नका आणि सफाईही देऊ नका. "कौटुंबिक जबाबदारीमुळे दोन वर्षे काम थांबवले होते, आता पूर्णवेळ काम करण्यास तयार आहे" एवढं एक वाक्य बस.

या चुका टाळा

• एकच पत्र दहा ठिकाणी पाठवणं आणि त्यात आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहणं.
• लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा अर्ज एक समजणं. वडिलांचा व्यवसाय, धर्म, उंची, वैवाहिक स्थिती विचारल्याशिवाय लिहू नका.
• एआयकडून आलेलं पत्र न वाचता पाठवणं. भाषा सुधारायला मदत घ्या, पण माहिती तुमची हवी.
• 'न्यू फायनल २' अशा नावाची फाईल जोडणं. फाईलला तुमचं नाव आणि पदाचं नाव द्या.

आणि नावाचं काय?

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, म्हणून टाळत नाही. लेडबाय फाउंडेशननं २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारखीच पात्रता असलेले दोन काल्पनिक रेझ्युमे, एक हबीबा अली आणि दुसरा प्रियंका शर्मा या नावानं, एक हजार जागांसाठी पाठवले गेले. प्रियंकाला २०८ ठिकाणांहून सकारात्मक उत्तर आलं, हबीबाला १०३ ठिकाणांहून. भेदभाव आहे आणि चांगल्या पत्रानं तो संपणार नाही. तो संपवणं कंपन्यांचं काम आहे.

पण त्या १०३ दारांचाही विचार करा. तिथे रिकामा मेल पाठवून संधी घालवणं आपल्याला परवडणारं नाही. म्हणून उत्तर आलं नाही तर ती आपलीच कमतरता समजू नका. आठवड्याभरानं एक नम्र मेल करून अर्जाची चौकशी करा आणि पुढचे अर्ज सुरू ठेवा.

पालकांनाही एक विनंती. मुलगा-मुलगी अर्ज लिहायला बसले की जवळ बसा. इंग्रजी येत नसलं तरी हरकत नाही. त्यांनी घरात, दुकानात, मोहल्ल्यात काय काय सांभाळलं, हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त आठवत असतं. ते त्यांना सांगा.